म्हातारीचे दोन ड्रम

गॅरेजच्या फाटकापासून समोरच्या न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत माणसाला माणूस चिकटून उभा होता. न्हाव्याने तर अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक साबणासकट बाहेर आणलं होतं. कारणही तसंच. मेलेला ड्रायव्हर आज ट्रकच्या मागच्या चाकातून बोलणार होता.

ट्रक इतका जुना, की त्याला सगळे ‘म्हातारी’ म्हणत. मिस्त्री शपथेवर सांगे, “आधी ही आली, मग हिच्यासाठी रस्ते केले.” तिचे धनी आबा तीन महिन्यांपूर्वी गेले. जाताना लेकीचा हात धरून एवढंच म्हणाले, “ब्रेक बघून घे.” लेक दोन वर्षं त्यांच्या शेजारी बसून ट्रक शिकली होती आणि पुढचं वर्षभर त्यांना शेजारी बसवून तिने तो चालवला होता. तिने शब्द पाळला. म्हातारीला गॅरेजात आणून जॅकवर चढवलं, मागची चाकं काढली. पण चाकांमागचे दोन लोखंडी टोप, म्हणजे ब्रेकचे ड्रम, निघेनात. मिस्त्रीने त्यांना तेल पाजलं, शेकलं, दोन दिवस घण घातले. ड्रम गोल गोल फिरत, पण बाहेर केसभर येत नव्हते.

“अडकलेत,” मिस्त्री म्हणाला.

“अडवलेत!” काका म्हणाले. काका म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. ट्रकवर त्यांचा डोळा आजचा नव्हता. “दादाला पोरीच्या हाती गाडी द्यायचीच नव्हती. ब्रेक बघ म्हणजे काय? थांब म्हणजे!”

आणि ते यंत्रस्वामींना घेऊन आले. या स्वामींनी म्हणे बंद पडलेली लिफ्ट नुसत्या नजरेने चौथ्या मजल्यावर चढवली होती. माणसांना तळमजल्यावर उतरायचं होतं, ही गोष्ट वेगळी.

स्वामींचा शिष्य आत्म्याला अंगात घ्यायला केबिनमध्ये बसला. काचांना आतून चादरी लागल्या, का तर आत्म्याला ऊन सोसत नाही. चाळीस वर्षं उन्हात गाडी हाकणाऱ्या माणसाला मेल्यावर ऊन सोसेना!

“हा ड्रम नाही, भक्तांनो!” स्वामी गरजले. “हे काळजाचं झाकण आहे! पिस्टनात प्राण, गिअरात ग्रह आणि डिझेलात देह! हे चालका, नाही म्हणायचं तर हॉर्न वाजव आणि ड्रम धर, हो म्हणायचं तर ड्रम सोड! गाडी लेकीला द्यायची?”

केबिनमधून हॉर्न घुमला. पोंऽऽ!

“फिरव,” स्वामींनी मिस्त्रीला सांगितलं. मिस्त्रीने दंड फुगवले, दात-ओठ खाल्ले. ड्रम जागचा हलेना.

“भावाला द्यायची?”

हॉर्न गप्प. काकांनी एक बोट लावलं आणि ड्रम गरगर फिरला. गर्दीतून “अगं बाई!” असा सूर निघाला, अर्ध्या दाढीवाल्याच्या गालावर साबण वाळून गेला, तरी त्याला पत्ता नव्हता.

लेकीला वाटलं, म्हणजे आबांना खरंच नको होतं? मग वर्षभर शेजारी बसून घाटात डुलक्या काढत होते, त्या कशाच्या भरवशावर?

काकांनी कागद पुढे केला. “सही कर पोरी. मेलेल्या बापाला किती छळशील?”

“सही केलीस की ड्रम पिकल्या फळासारखे गळतील,” स्वामी म्हणाले.

लेकीने पेन उचललं. उलट्या डब्यावर बसलेली आई डोळे पुसत म्हणाली, “कर बाई, त्यांचीच इच्छा असेल तर. पण यांना हॉर्नची सवय कधी लागली ग? चाळीस वर्षांत तीनदा वाजवला असेल. म्हणायचे, पुढच्यालाही घर आहे, जाईल की तो.”

पेन थांबलं.

“स्वामी, एकदा परत विचारा. माझं मन निवेल,” लेक म्हणाली आणि केबिनच्या दाराला कान लावून उभी राहिली.

“लेकीला द्यायची?”

पोंऽऽ! आणि त्या पोंच्या पोटात, बारीकसं, कर्र-कर्र-कर्र.

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. रोज संध्याकाळी दारापुढे तो वाजला की आबा घरी आले असं समजायचं. हँडब्रेक ओढल्याचा आवाज!

“भावाला द्यायची?” ब्रेक सुटला, ड्रम फिरला.

“आबांच्या पाया पडते,” म्हणून लेक ट्रकखाली शिरली. हँडब्रेकच्या केबलची पिन काढली आणि बाहेर आली. कपाळाला ग्रीस लागलं होतं.

“बघा, आत्म्याने कपाळावर हात ठेवला!” स्वामी ओरडले.

“आता मी विचारते. आबा, गाडी मला द्यायची?”

पोंऽऽ! मिस्त्रीने ड्रमला हात लावला. गरगर!

“आणि स्वामी भोंदू आहेत?”

पोंऽऽ! पोंऽऽ! पोंऽऽ! गरगर, गरगर, गरगर!

लेकीने केबिनचं दार उघडलं. शिष्य दोन्ही हातांनी हँडब्रेक छातीपर्यंत ओढून बसला होता आणि हनुवटीने हॉर्न दाबत होता.

“स्वामी, तुटलं वाटतं हे,” तो कळवळून म्हणाला.

गर्दीला हसू आवरेना. काका मात्र हटले नाहीत. “ते असू दे! पण ड्रम अडकलाय ना? तो कोणी धरलाय?”

“ब्रेकनेच, काका. आतले ब्रेक घासून घासून ड्रमचा मधला भाग झिजवतात. काठ तसाच राहतो. मग ड्रम ओढला की तो काठ ब्रेकला आडवा येतो. उघडी छत्री दारातून निघत नाही, आधी मिटावी लागते.”

“आणि मी दोन दिवस दारालाच घण घालतोय!” मिस्त्रीने कपाळ बडवलं.

लेकीने ड्रममागच्या पत्र्यातलं रबरी बूच काढलं. दहा वर्षांची असताना याच भोकावर तिने आबांसाठी बॅटरी धरली होती. स्क्रूड्रायव्हर आत घालून तिने दातेरी चाक एकेक दाता फिरवलं. टिक, टिक, टिक. आतली छत्री मिटली. तिने ड्रम ओढला आणि तो तिच्या मांडीत आला.

आत आत्मा नव्हता. ओंजळभर काळी भुकटी होती आणि ब्रेकचं अस्तर पार रिव्हेटपर्यंत झिजलेलं होतं. आणखी एक घाट, की म्हातारी थांबली नसती.

लेकीने झिजलेल्या अस्तरावरून बोट फिरवलं. मग आईला म्हणाली, “आबा ब्रेकबद्दलच बोलत होते ग.”

पळताना स्वामींची गाडी सुरू झाली नाही. पिस्टनातल्या प्राणाला त्यांनी पुष्कळ हाका मारल्या. शेवटी गर्दीने धक्का दिला. त्या दिवशीचा तेवढाच चमत्कार.

तेव्हा मंडळी, कोणी चमत्कार दाखवला तर हात जरूर जोडा, पण आधी वाकून खाली बघा, चादर उचलून आत बघा. आणि मेलेली माणसं काय बोलतात ते कुणाला विचारत हिंडू नका. जिवंतपणी ती काय म्हणाली होती, तेवढं नीट ऐकलं तरी पुरे.