माळावर लावलेला खैर

विजयमालाबाईंनी उसाचं पाचट पेटवलं तेव्हा वारा पडलेला होता. सगळेच पेटवतात, तसंच त्यांनीही. पण उन्हं वर आली, वावटळ उठली आणि पेटता पाला बांध ओलांडून फॉरेस्टच्या माळात जाऊन पडला. मार्चातलं गवत, वाळून खडखडीत झालेलं. बाई घागर घेऊन पळाल्या, तोवर जाळ निम्मी टेकडी चढला होता. हिवर, बोरी, खैर, सगळं काळं पडलं.

माळाच्या कडेला शमशादचं घर. ती ओलं पोतं घेऊन आग बडवायला धावली. तिची गाभण शेळी बोरीच्या जाळीत अडकली होती. तिला ओढून काढताना शमशादचा हात कोपरापर्यंत भाजला आणि शेळीही वाचली नाही.

वनरक्षक मानसिंग जबाब घ्यायला आला. बाईंनी काही लपवलं नाही, केस झाली. ते एक वेळ सोपं होतं. शमशादच्या दारात जाणं काही जमेना. घरून निघायच्या आणि विहिरीपासूनच माघारी फिरायच्या. इंदापूरच्या बाजारात ती लांबून दिसली तरी मान खाली घालून दुसऱ्या गल्लीत शिरायच्या. गावात कुणी तोंडावर बोलत नव्हतं. त्या आल्या की नुसती बोलणी थांबायची.

आषाढात फॉरेस्टनं माळावर पुन्हा झाडं लावायला काढली. रोपं सगळी इथलीच, खैर, हिवर, आपटा, बोर. गावानं श्रमदान करायचं ठरलं. बाई सगळ्यांच्या आधी जाऊन कडेचे खड्डे उकरत बसल्या. तेवढ्यात पाहुणे आले. लोणी देवकरच्या एका कंपनीतले साहेब, सोबत फोटोवाला. साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि मातीनं भरलेल्या हातांच्या बाईंना हाक मारली.

"आजी, पहिलं रोप तुमच्या हातानं लावू. तुमच्यासारख्यांनीच हे रान जपलं!"

टाळी कुणीच वाजवली नाही. मानसिंग बुटांकडं बघत राहिला. मागं कुणीतरी खाकरलं. बाईंची कानशिलं तापली. साहेबांनी पिशवीतलं खैराचं रोप त्यांच्या हातात दिलं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "हे रान माझ्यामुळंच जळालं. ह्यो मान मला नगं." आणि गर्दीत शमशाद दिसली तिकडं वळून त्यांनी रोप पुढं केलं. "तू लाव, बाई."

शमशादनं हात पुढं केला नाही.

"माझ्या हातात कशाला देताय, आक्का? तुमीच लावा. आणि लावलं की पाणी घालायलाबी या. आज फोटो काढून समदी जातील."

साहेबांचा चेहरा पडला. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला. बाई गुडघ्यावर बसल्या, पिशवी फाडली, खड्ड्यात रोप उभं केलं. माती लोटताना डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळत होतं आणि पुसायला हात रिकामा नव्हता.

श्रावणात पावसानं ओढ दिली. बाई सकाळी आणि उन्हं कलल्यावर डोक्यावर हंडा घेऊन माळ चढायच्या. बरीच रोपं वाळली, काहींनी मूळ धरलं. रस्त्यावरच्या बाया त्यांच्याकडं बघून आपसात बोलायच्या, ते त्यांना कळायचं. तरी जायच्या.

एक दिवस शमशादही कळशी घेऊन वर आली. दोघी एकेका आळ्यात पाणी ओतत गेल्या. दम लागला तशी बाई दगडावर टेकल्या.

"तुला बघायला आले न्हाय मी," त्या म्हणाल्या. "लई वेळा निघाले. पाऊलच उचलंना."

"व्हय," शमशाद म्हणाली. "मी वाट बघितली. हात दुखायचा त्यापरीस तेच जास्त लागलं मला."

बाईंना वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ द्या आक्का, झालं ते झालं. तसं ती म्हणाली नाही. बाईंनी पदर तोंडाला लावला आणि तशाच बसून राहिल्या. शमशादनं कळशी उचलली.

"उठा," ती म्हणाली. "खालची रांग राह्यलीय."

बाई उठल्या, हंड्यातलं उरलेलं पाणी सांभाळत तिच्या मागून उतरायला लागल्या.