राजा मरायचा राहिला

आमच्या गावात शिमग्याच्या नमन-खेळातला वग राही लिहायची. चुलीवर भात, मांडीवर लेक नि हातात पेन्सिल. लेक गोदी, तिला चालता येत नव्हतं, आणि शाळेला पायऱ्या. राहीने चिऱ्याचा उतार मागितला. साल एक्क्याऐंशी, जगभर अपंग वर्ष. गाव प्रत्येक सभेत मनापासून हळहळलं नि चहा पिऊन घरी गेलं.

शिमगा आला, मुंबईकर तालमीला जमले, तर वगाला शेवटच नाही. वाडीचा प्रमुख भागोजी गावकर धावत राहीकडे आला. "वयनी, राजाचं पुढे काय?"

"भावजी, लिहायला सवड कुठाय? पोर दिवसभर माझ्याकडे. शाळेत गेली की लिहिते."

वाडीच्या अब्रूचा प्रश्न, दोन दिवसांत उतार झाला. गोदी ढकलगाडीतून वर्गात गेली. राहीने शाळा सुटायच्या आत राजाला मारून टाकलं.