बेंचवरचा पहिला

माणूस कामावर येणार की नाही, हे मला त्याच्याआधी कळतं. बढाई नाही ही. अकरा वर्षं मी बस डेपोत ड्युटीचा चार्ट लावते आहे. कोणता ड्रायव्हर कोणत्या बसवर, कोण पहाटेच्या पाळीला, कोणाला सुट्टी आणि कोण राखीव, हे सगळं माझ्या हातून जातं. सोमवारी सकाळी ज्याचं पोट दुखणार असतं, त्याचं पोट शनिवारीच माझ्या ध्यानात आलेलं असतं. डेपोत मला कोणी नावाने हाक मारत नाही. चार्टबाई म्हणतात, आणि मीही ओ देते.

म्हणून आमच्याकडे फँटसी फुटबॉलचं खूळ आलं तेव्हा मला ते पाच मिनिटांत कळलं. मोबाइलवर आपला एक संघ करायचा. खऱ्या लीगमधले पंधरा खेळाडू घ्यायचे, दर आठवड्याला त्यातले अकरा उतरवायचे आणि चार बेंचवर ठेवायचे. खऱ्या सामन्यात ते जसे खेळतील तसे आपल्याला गुण. एकाला कॅप्टन करायचं, त्याचे गुण दुप्पट. उतरवलेल्यांपैकी कोणी मैदानात आलाच नाही, तर बेंचवरचा पहिला आपोआप त्याच्या जागी धरला जातो. मी म्हटलं, यात फुटबॉल कमी आणि चार्टच जास्त आहे.

आमच्या लीगचं बक्षीस म्हणजे रजा. डेपोच्या आतल्या कामाची आम्ही नऊ माणसं, आणि उन्हाळ्यात एका पंधरवड्यात एकालाच मोठी रजा मिळते. पूर्वी त्यावरून दरवर्षी तमाशा व्हायचा. टायरवाला आणि स्टोअरकीपर एकदा रजेच्या वहीसाठी इतके हमरीतुमरीवर आले, की वहीचे दोन भाग झाले. तेव्हापासून साहेबांनी नियम केला: हंगाम संपला की लीगमध्ये जो पहिला, त्याने आधी पंधरवडा निवडायचा, मग दुसऱ्याने. साहेब स्वतः दरवर्षी शेवटचे येतात. त्यामुळे त्यांच्या न्यायबुद्धीवर कोणालाच शंका नाही.

यंदा मला जूनचा पहिला पंधरवडा हवा होता. नुसता हवा नव्हता, तोच पाहिजे होता.

माझी धाकटी बहीण सात तासांच्या अंतरावर राहते. तिचा नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. डॉक्टरांनी तिला बाळंतपणाची जूनच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिली होती. दोन वर्षांपूर्वीही अशीच तारीख होती. सातव्या महिन्यातच सगळं संपलं, आणि मी गेले नव्हते. "चार्ट कोण लावणार?" असं मी फोनवर म्हणाले होते. माझेच शब्द. ती म्हणाली होती, "असू दे ताई." ते 'असू दे' मला अजून बोचतं.

या वेळी तिने फोन केला तो मेच्या सुरुवातीला. "ताई, येशील ना ग?"

"येणार म्हणजे येणार."

"आणि चार्ट?"

"चार्ट गेला खड्ड्यात. तू पाय वर करून बस."

मी इतक्या ठसक्यात बोलले खरी, पण शेवटच्या आठवड्याआधी लीगमध्ये मी दुसरी होते, चौदा गुणांनी मागे. पुढे होता वेल्डर.

वेल्डरबद्दल थोडं सांगायला हवं. मोडलेल्या बसला तो असा जोडतो, की सांधा शोधून सापडत नाही. पण तोंड उघडलं की नाकाने कांदे सोलायला लागतो. त्यालाही जूनचा पहिला पंधरवडाच हवा असतो, धरणावर गळ टाकून बसायला. गेली दोन वर्षं तोच जिंकला होता. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये सगळ्यांसमोर तो म्हणाला, "चार्टबाई, खरं सांगू का? तुमचं काम म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. दर आठवड्याला मी पंधरातले अकरा काढतो, तुमच्या साठ ड्रायव्हरांचं काय घेऊन बसलात!"

"असं?"

"असंच. मासे पकडायला जायच्या आधी हवं तर शिकवून जातो तुम्हाला."

टायरवाला चहा सांडेपर्यंत हसला. मी डबा बंद केला आणि म्हटलं, "घोडामैदान जवळच आहे. रविवारी बघू."

आता अडचण काय होती ती सांगते. निळ्या संघाचा एक ताडमाड स्ट्रायकर होता. आम्ही त्याला खांब म्हणायचो. वर्षभर सगळ्यांचा कॅप्टन तोच, कारण गोल करायचा तर खांबानेच. माझ्याकडेही तो होता, वेल्डरकडेही. पण निळ्यांचं लीगमधलं स्थान पक्कं झालं होतं. रविवारी हरले काय, जिंकले काय, सारखंच. आणि बुधवारी त्यांचा कपाचा अंतिम सामना होता. शनिवारी त्यांचे प्रशिक्षक पत्रकारांना म्हणाले, "तो अगदी ताजातवाना आहे. रविवारी खेळायला उत्सुक आहे."

सगळी कँटीन खूश झाली. मला मात्र हसू आलं. हेच वाक्य मी अकरा वर्षं वापरते आहे. बुधवारी लांब पल्ल्याची खास गाडी जायची असली, की चांगला ड्रायव्हर मी रविवारी गुपचूप बाजूला ठेवते, आणि कोणी विचारलं तर म्हणते, "आहे की तो, ताजातवाना आहे." खांब सुरुवातीपासून खेळणार नाही, हे मला त्या प्रशिक्षकाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं दिसलं.

म्हणजे कॅप्टन बदलायचा. ते सोपं होतं. लाल संघात एक मधल्या फळीतला खेळाडू होता, आम्ही त्याला गोगलगाय म्हणायचो. धावायचा हळू, पण पेनल्टी त्याचीच. त्याला मी कॅप्टन केलं. खरा प्रश्न खांबाचाच उरला. त्याला अकरांत राहू द्यायचं की बेंचवर बसवायचं?

बाकी सगळे म्हणतील, राहू दे. खेळला तर गोल, नाही खेळला तर बेंचवरचा पहिला आपोआप आत येईल. नुकसान काय? नुकसान हे, की खांब शेवटची पंधरा मिनिटं पाय मोकळे करायला मैदानात आला, तरी तो 'खेळला' असं धरतात. त्याचा एक गुण मिळतो आणि बेंचवरचा बेंचवरच राहतो. डेपोत हे मी शंभरदा भोगलं आहे. जो ड्रायव्हर येतच नाही, त्याच्या जागी राखीव माणूस पाठवता येतो. पण जो अर्धा तास येऊन तोंड दाखवतो आणि मग डोकं धरून घरी जातो, त्याने पूर्ण फेरीचं वाटोळं केलेलं असतं.

माझ्या बेंचवर पहिला होता लाल संघाचा उजवा बचावपटू. त्याला आम्ही कारकून म्हणायचो. दर आठवड्याला वेळेवर यायचा, नेमून दिलेलं काम करायचा आणि दोन-दोन गुण आणायचा. त्याची कोणी कधी तारीफ केली नाही. रविवारी त्याच्या संघासमोर तळाचा संघ होता.

रविवारी दुपारी मुदत संपायच्या दहा मिनिटं आधी मी खांबाला काढलं आणि कारकुनाला अकरांत घेतलं. भीती वाटत होती, ते कशाला लपवू. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. तो पंधरवडा गेला असता, तर धाकटीला मी काय तोंड दाखवणार होते?

मुदत संपली की सगळ्यांचे संघ सगळ्यांना दिसतात. कँटीनमध्ये वेल्डरने माझा संघ मोबाइलवर उघडला आणि मोठ्याने वाचला. "खांब बेंचवर! अहो बाई, बरं नाही का वाटत? पाणी देऊ का?"

"तुमचा कॅप्टन कोण?"

"खांब. दुसरं कोण असणार!"

हेही मला ठाऊक होतं. नऊ वर्षं त्याची पाळी मीच लावते. बदलून देऊ का विचारलं, तर तो दरवेळी विचार करतो म्हणतो आणि तीच पाळी घेतो.

सामने एकाच वेळी सुरू झाले. निळ्यांच्या अकरांत खांब नव्हता. वेल्डर मान वर न करता म्हणाला, "हरकत नाही. येईलच तो." अर्ध्या वेळेआधी गोगलगाईने पेनल्टी मारली. दुसऱ्या अर्ध्यात, पंधरा मिनिटं उरली असताना, खांब आला. वेल्डरने टेबलावर हात आपटला, "आला रे!" खांब इकडून तिकडे रमतगमत फिरला, कोणाच्या पायाला पाय लागू दिला नाही, आणि बुधवारसाठी स्वतःला जपून ठेवलं. एक गुण. कॅप्टन म्हणून दुप्पट, म्हणजे दोन.

टायरवाला कागदावर हिशेब मांडत होता. गोगलगाय दोघांकडे होता, पण कॅप्टन म्हणून त्याचे सात गुण मला जास्तीचे मिळाले, आणि लाल संघाने गोल खाल्ला नव्हता म्हणून कारकुनाचे सहा. बाकीचे खेळाडू दोघांचेही सारखेच गुण आणत होते. "बाई अजून तीनने मागे," तो म्हणाला. सहा मिनिटं उरली होती.

मग लाल संघाला कॉर्नर मिळाला. कारकून वर्षभर अशा वेळी मागेच थांबायचा, कोणीतरी थांबायला हवं म्हणून. त्या दिवशी कोण जाणे त्याच्या मनात काय आलं, तो पुढे गेला. चेंडू त्याच्या कपाळावर आदळला आणि आत गेला. त्याला स्वतःलाच खरं वाटलं नाही, तो पंचाकडे बघत उभा राहिला. मी खुर्चीवर चढले होते. कधी चढले ते आठवत नाही.

"बचावपटूच्या गोलचे सहा. बाई तीनने पुढे," टायरवाला म्हणाला.

उरलेली मिनिटं मी खुर्चीवरच काढली. शिट्टी झाली. वेल्डर उठला, माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मासे कुठे पळून जातायत? दुसऱ्या पंधरवड्यातही असतील." सुंभ जळला तरी पीळ कुठे जातोय! पण त्याचा चेहरा उतरला होता, आणि मला त्याचं थोडं वाईट वाटलं. थोडंच.

सोमवारी सकाळी मी ताठ मानेने साहेबांपुढे रजेचा अर्ज ठेवला. त्यांनी पेन उचललं आणि तसंच हवेत धरलं.

"पंधरवडा तुमचा, बाई. हक्काचा आहे. पण या पंधरा दिवसांत चार्ट कोण लावणार?"

साठ ड्रायव्हरांमागे सहा राखीव मी ठेवते. मोबाइलवरच्या खेळातसुद्धा चार माणसं बेंचवर ठेवते, त्यांचा क्रम लावते, त्यावर शनिवारभर डोकं खपवते. आणि अकरा वर्षांत माझ्या जागी कोण, याचा मी एकदाही विचार केला नव्हता. दोन वर्षांपूर्वी धाकटीला दिलेलं कारण माझं मीच तयार केलेलं होतं. माझ्यावाचून डेपो अडतो, हे मला आवडत होतं. साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून ते कबूल करताना मला स्वतःची लाज वाटली.

खिडकीबाहेर वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"सही करा साहेब," मी म्हटलं. "माझ्या बेंचवरचा पहिला बाहेर उभा आहे."

वेल्डरने चेहऱ्यावरचा मुखवटा वर केला, माझं ऐकून घेतलं आणि परत खाली केला. मुखवट्याआडून म्हणाला, "म्हणजे पंधरवडा तुम्ही जिंकायचा आणि राबायचं मी?"

"डाव्या हातचा मळ आहे ना तुमच्या? सगळ्यांसमोर म्हणालात."

"बोलायचं असतं हो तसं!"

"वेल्डर," मी म्हटलं, "धाकटीजवळ मला जायचंय. मागच्या वेळी गेले नव्हते."

मुखवटा पुन्हा वर गेला. त्याने हातमोजे काढले, हात कमरेला पुसले आणि म्हणाला, "उद्या सकाळी पहिल्या पाळीपासून शिकवा. आणि नीट शिकवा, बरं का. शिकवताना लबाडी नको."

तीन आठवडे मी त्याला शिकवलं. साठ माणसांचे स्वभाव, कोणाला उतारावर भीती वाटते, कोणाची आई आजारी आहे, कोण खरंच आजारी पडतो आणि कोण सोयीने. त्याने सगळं वहीत उतरवलं. पहिल्या दोन चार्टमध्ये त्याने एकाच ड्रायव्हरला दोन बसवर बसवलं. तिसरा बरा जमला.

जूनच्या दुसऱ्या तारखेला मी धाकटीच्या घरी पोहोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खुर्चीत पाय वर करून बसली होती, मी सांगितल्याप्रमाणे. फोन वाजला. वेल्डरने चार्टचा फोटो पाठवला होता. रकाने पट्टी ठेवून आखलेले, अक्षर चौकोनी. मी वरपासून खालपर्यंत वाचत गेले. सगळ्यात खाली, सुट्टीवर असलेल्यांच्या ओळीत, त्याने शेवटचं नाव लिहिलं होतं: चार्टबाई, रजेवर.

अकरा वर्षांत त्या कागदावर माझं नाव कधी आलं नव्हतं. चार्ट लावणारा चार्टवर नसतो. मी ती ओळ परत परत वाचत राहिले, आणि डोळे भरून आले.

"काय ग ताई? काय झालं?" धाकटीने विचारलं.

"काही नाही. पहाटेच्या पाळीत एक चूक केलीय त्याने."

"मग कर की त्याला फोन."

"नको," मी म्हणाले. "त्याचं तो बघेल." आणि फोन बंद करून मी तिची हॉस्पिटलची पिशवी भरायला घेतली.