दिव्यानीचे वीस झोके

दिव्यानीच्या वहीचा मला संशय आला तो उत्तरांमुळे. गुरुत्व त्वरण एटापल्लीत काय नि पुण्यात काय, ९.८ च्या आसपास यायला हवं. हिचं तिन्ही वेळा १०.८. दोलकाच्या दोरीची लांबी बदलली, तरी तेच.

आमच्या कॉलेजात प्रयोगशाळा म्हणजे दोन कुलूपबंद कपाटं. म्हणून यंदा पोरं मोबाईलवरून दूरच्या एका संस्थेतला खरा दोलक हलवतात. ठरल्या वेळी लॉगिन करायचं, बटण दाबायचं. तिकडे गोळा सुटतो, इकडे कॅमेऱ्यात दिसतो. वीस झोके मोजून पडद्यावरचं घड्याळ थांबवायचं. दिव्यानी रेंजसाठी गावाबाहेरच्या टेकाडावर जाऊन बसते. तिथे तिच्याजवळ कोण असतं, मला काय ठाऊक?

उपप्राचार्य गुणवंतरावांना ठाऊक होतं. "म्याडम, तिचा भाऊ नागपूरले शिकते. थोच आकडे पाठवत असन. करा ना रिपोर्ट."

रिपोर्ट म्हणजे प्रात्यक्षिकात शून्य, आणि बारावी गेली. पोरगी नापास झाली की कॉलेज बंद, असं तिच्या बापानं प्रवेशाच्या दिवशीच माझ्यासमोर सांगितलं होतं.

दुपारी घरी माझी लहानगी लेक मांडीवर झोपली की मी ती वही पुन्हा उघडायची. अक्षर नेटकं, कुठे खाडाखोड नाही. तेच खटकायचं. पण चोरणारा बरोबर उत्तर चोरेल ना? की भावालाच येत नाही? वर्गात पोरगी सरळ डोळ्यांत बघायची, मला त्यातही काहीतरी दिसायचं.

शनिवारी सगळे गेल्यावर तिला थांबवलं. माझ्या मोबाईलवर प्रयोग लावला. तिचा फोन टेबलावर ठेवायला सांगितला, केस कानामागे घ्यायला सांगितले. कानात इअरफोन नाही ना हे बघायला, ते तिला कळलं.

गोळा सुटला. तिचे ओठ हलत होते. अडतीस सेकंदांवर तिनं घड्याळ थांबवलं. वहीत होतं तेवढंच. माझ्या डोळ्यांदेखत.

"पुन्हा कर. मोठ्यानं मोज."

गोळा सुटला तशी ती म्हणाली, "लाभ." गोळा जाऊन परत आला. "दोन."

मी नागभीडकडची. आमच्या खळ्यावरही धान मोजताना पहिल्या पायलीला कोणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. पण पायली ओतून झाल्यावर. इथे गोळा नुसता सुटला होता, पहिला झोका व्हायचाच होता. तिचे वीस म्हणजे एकोणीसच झोके; म्हणून वेळ कमी भरायचा आणि उत्तर जास्त यायचं.

"लाभ काऊन म्हणतेस?" मीही घरच्या बोलीवर आले.

"घरी धान मीच मोजतो, म्याडम. पहिल्याले एक कसं म्हनाव?"

मी तिला समजावलं, की गोळा सुटताना शून्य म्हणायचं. तिला ते काही बरं वाटेना. मोजणीची सुरुवातच शून्यानं कशी करायची, असं पुटपुटली, पण म्हणाली. चाळीस सेकंद भरले. उत्तर ९.८.

तिनं खोडरबर काढला. मी हात धरला आणि जुन्या आकड्यांखाली लिहिलं : वीस समजून एकोणीसच झोके मोजले, रीडिंग स्वतःची. खाली सही केली. रिपोर्ट होणार नाही, हेही सांगितलं.

तिनं ते वाचलं, पान उलटलं.

"बाकीच्या दोन लांब्या राह्यल्या," ती म्हणाली. "तुमी बाहेर थांबा, म्याडम. मी एकटीच करतो."

मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले, खिडकीकडे पाठ करून.