वाट्याला आलेला गाळा

मी स्टँडसमोरचा गाळा बोलतोय. स्टँड आता समोर नाही, पण ओळख जुनीच सांगावी लागते. नवी काही झालेलीच नाही.

बांधून झाल्यावर एका नवराबायकोने मला विकत घेतलं आणि माझ्यात चष्म्यांचं दुकान थाटलं. ती गिऱ्हाइकांचे डोळे तपासायची, तो मागे बसून काचा घासायचा. गाडी सुटायच्या घाईत माणसं मोडलेली काडी घेऊन धावत यायची. धंदा जोरात होता. दोघं गिऱ्हाइकांशी गोड बोलायची आणि एकमेकांशी कामापुरतंच. मला त्याची सवय झाली.

घटस्फोट ठरला तेव्हा भांडण झालं नाही. भांडायलाही अंगात जीव लागतो. वाटणी माझ्याच काउंटरवर झाली. त्यांच्या घरात एक रीत होती: खाऊ असो की काहीही, एकाने वाटे करायचे, दुसऱ्याने आधी उचलायचा.

"वाटे तू कर," ती म्हणाली.

त्याने एकीकडे राहतं घर ठेवलं, दुसरीकडे मला. माझा भाव तेव्हा घराहून बराच चढा होता. पण मुलीच्या डोक्यावरचं छप्पर सोडून ती गाळा उचलणार नाही, हे तो पक्कं ओळखून होता. तिने घर उचललं. कोर्टाने शिक्का मारला. मी त्याचा झालो. मला ना आनंद झाला, ना दुःख.

पुढच्या वर्षी स्टँड शहराबाहेर गेलं. माझी एक वीटही हलली नव्हती, तरी माझा भाव धाडकन पडला. गिऱ्हाईक आटलं. तेव्हा त्याने वकीलबाईंना बोलावून घेतलं. त्याला वाटणी पुन्हा करून हवी होती.

"तुमच्या बायकोने तेव्हा काही लपवलं होतं?" बाईंनी विचारलं.

"नाही. वाटे मीच केले होते."

"मग नुसता भाव पडला म्हणून झालेली वाटणी उघडणं कठीण आहे हो."

"तरी अर्ज टाका."

अर्ज गेला आणि ती आली. बसली नाही.

"घर विकायला लावणार आहेस आम्हाला?"

"वाटणी बरोबरीची राहिली नाही आता."

"भाव वाढला असता, तर वरचे पैसे मला आणून दिले असतेस?"

तो हातातली काच पुसत राहिला. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

"नाही," तो म्हणाला.

"तेव्हा तुझा वाटा जड होता. दिसत होतं मला. बोलले मी काही?"

ती गेली. त्याने अर्ज मागे घेतला.

मग भाड्याची खोलीही परवडेना, म्हणून मला विकायला काढून तो माझ्यातच राहायला आला. काचा घासायच्या जागी गादी आली, तपासणीच्या खुर्चीवर कपडे. मला न्हाणीघर नाही, धड खिडकीही नाही. घर होणं मला जमत नाही.

पण रविवारी त्याची मुलगी येते. पहिल्या खेपेला तिने चपला शटरबाहेर काढल्या. दुकानात कुणी चपला काढत नाही. तो तोंड फिरवून स्टोव्ह पेटवू लागला. तेव्हा मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं. भीती वाटली, कुणी मला विकत घेईल याची.

मी पडेल भावात मिळतोय, हे खरं आहे. बघायला यायचं तर या. फक्त रविवारी येऊ नका.