जमनाबाईच्या बाजूला

१९६५ च्या दिवाळीनंतर कापूस वेचताना देवसिंगला घोणस चावली. बोरी अरबजवळच्या तांड्यातून त्याला यवतमाळच्या दवाखान्यात आणलं. सापाच्या विषावरची लस टोचल्यावर जखमेतून वाहणारं रक्त थांबलं, पायाची सूज उतरू लागली, आणि त्याच्या बायकोच्या, जमनाबाईच्या, जिवात जीव आला. पण तिसऱ्या दिवशी त्याची लघवी बंद झाली. पाचव्या दिवशी तोंड सुजलं, उचक्या लागल्या, तो असंबद्ध बडबडू लागला.

वामनराव डॉक्टर नुकतेच नागपूरहून एक नवा उपचार शिकून आले होते. त्यांनी जमनाबाईला समोर बसवून सांगितलं, “विषानं याची मूत्रपिंडं बंद पडली आहेत. ती पुन्हा चालू होईपर्यंत रक्तातली घाण आपण पोटातून काढू. नळीनं दोन बाटल्या औषधी पाणी पोटात सोडायचं, अर्धा तास ठेवायचं, मग परत काढायचं. येताना ते घाण घेऊन येतं.”

“आतड्यातून जी?”

“नाही, आतड्यांच्या बाहेरून. दोन दिवस सारखं करावं लागेल.”

“करा,” जमनाबाई म्हणाली. “पन मले इथून उठवू नका.”

वर टांगलेल्या बाटल्यांतलं पाणी भराभर पोटात उतरलं. अर्ध्या तासानं मथुराबाई नर्सनं रिकाम्या बाटल्या नळीसकट खाली जमिनीवर ठेवल्या, म्हणजे पाणी त्यांत परत उतरेल. परत येताना मात्र पाणी थेंब थेंब आलं. दोन बाटल्या आत गेल्या होत्या, बाहेर आली जेमतेम एक. दुसऱ्या खेपेलाही तसंच. देवसिंगचं पोट फुगलं, त्याला धाप लागली. शिवाय थंड पाण्यानं तो कुडकुडत होता, म्हणून मथुराबाईनं पुढच्या बाटल्या गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवल्या. त्यानं कुडकुडणं थांबलं, पण पाणी अडलेलंच राहिलं.

डॉक्टरांनी नळी थोडी मागे ओढून पाहिली. उपयोग झाला नाही.

“आणखी एक खेप पाहतो,” ते हळूच मथुराबाईला म्हणाले. “पाणी असंच आत राहिलं तर थांबवावं लागेल.”

ते जमनाबाईच्या कानावर पडलं. डोळे पुसायला ती खाटेला वळसा घालून खिडकीशी गेली. तिची जागा रिकामी दिसताच देवसिंग कण्हला आणि मोठ्या कष्टानं खिडकीकडे वळला. त्याच क्षणी खालच्या बाटलीत धार पडू लागली.

“डॉक्टरसाहेब!” जमनाबाई ओरडली. “पाहा, कुशीवर झाले का पानी येऊन राह्यलं!”

डॉक्टर वाकून पाहत राहिले. धार मंदावल्यावर त्यांनी देवसिंगला दुसऱ्या कुशीवर वळायला सांगितलं. तो ढिम्म हलेना. मथुराबाईनं हात लावला तर दुखतं म्हणून तिच्यावर खेकसला.

“तुम्ही पलीकडे जा,” डॉक्टर जमनाबाईला म्हणाले, “आणि बोलत राहा.”

ती पलीकडे गेली. “आवो, इकडे पाहा ना. पांढरा बैल कोणालेच जवळ येऊ देत नाही म्हणते. तुमी त्याले काहून लाडावून ठेवलं?”

देवसिंग तिच्याकडे वळला. “त्याले... मारू नका म्हनाव,” तो पुटपुटला. खाली धार पुन्हा सुरू झाली.

दोन्ही बाटल्या भरल्या. डॉक्टरांनी आकडा लिहिला आणि चष्मा काढून कपाळ पुसलं.

दोन दिवस जमनाबाई खाटेच्या या बाजूची त्या बाजूला होत राहिली. बैल झाला, विहीर झाली, लग्नात त्यानं घातलेला उसना कोट झाला. कोटावरून त्याचं आणि तिचं चांगलंच वाजलं, कारण तोवर तो शुद्धीवर आला होता.

“उसना नव्हता तो,” देवसिंग म्हणाला. “इकत घेतलता.”

“मंग तुमचा दोस्त नेमसिंग तो दुसऱ्या दिवशी कायले घेऊन गेला?”

मथुराबाई हसू दाबत बाटल्या बदलत होती.

उचक्या थांबल्या, रक्तातली घाण निम्म्यावर आली. डॉक्टरांनी नळी काढली. पुढचे चार दिवस सगळे वाट पाहत होते. पाचव्या दिवशी सकाळी देवसिंगनं लाजत भांडं मागितलं. वाटीभरच लघवी झाली, पण मथुराबाई ते भांडं डॉक्टरांना दाखवायला स्वतः घेऊन गेली. आठवड्याभरात इतकी होऊ लागली की त्याला पाणी पाजता पाजता जमनाबाईची पुरेवाट झाली.

महिन्यानं घरी निघताना तो काडीसारखा दिसत होता. दारापर्यंत आधार नको म्हणाला, आणि पहिल्या पायरीवरच तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“हळू चाल,” तो म्हणाला, “तू दमली असशील.”