कापायची गरज नाही

नवं मराठी राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. वडनेरला महादेवराव आणि कौशल्याबाई फुटाण्याची भट्टी चालवायचे. महादेवराव बाजारोबाजार फुटाणे विकायचे, कौशल्याबाई पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, धुरात बसून हरभरे भाजायची. पंचेचाळिशीतच तिला असा दम लागू लागला की अंगणातून चुलीपर्यंत येताना भिंत धरावी लागे.

नांदुऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, नागपूरला छातीचं ऑपरेशन होतं. फुप्फुसाचा एखादा भाग फुग्यासारखा फुगून बाकीच्याला दाबत असेल, तर तो कापून काढतात. मग उरलेल्याला पसरायला जागा मिळते. कौशल्याबाई लगेच तयार झाली. धास्ती महादेवरावांनाच होती.

नागपूरच्या सर्जननी छातीचे फोटो पाहिले आणि महादेवरावांना एकट्यालाच आत बोलावलं. एकच फुगा असता तर कापला असता, ते म्हणाले. पण हिची दोन्ही फुप्फुसं सगळीकडूनच विरली आहेत, टाका घालायलाही जागा नाही. हा हिवाळा निघाला तरी पुष्कळ.

बाहेर बाकावर ती वाट पाहत होती. "काय म्हणे डाक्तर?"

"कापाची गरज नाही म्हणे," महादेवराव बोलून गेले.

ती हसली. परतताना गाडीत अनोळखी बायांनाही तिनं ते सांगितलं. घरी आल्यावर संक्रांतीनंतर भट्टी पुन्हा पेटवायचं ठरवून टाकलं. संग्रामपूरच्या धाकट्या बहिणीनं, अंबूबाईनं, भेटायला येते असा निरोप पाठवला, तर हिनं उलट कळवलं, मी बरी आहे, तूर घरात आली की सवडीनं ये. महादेवरावांनी तो निरोप तसाच जाऊ दिला.

पौषात तिला एकेका शब्दाला थांबावं लागू लागलं. ओठ निळसर पडले. एका सकाळी ती म्हणाली, "मले नागपूरले न्या. कापू द्या त्याले."

तिचा हट्ट सुटेना. शेवटी मान खाली घालून महादेवरावांनी खरं ते सांगितलं.

बराच वेळ ती श्वासच गोळा करत राहिली. "मंग अंबूले... काऊन येऊ नाही देल्लं?"

शेजारणीला तिच्याजवळ बसवून ते तसेच संग्रामपूरला निघाले. अंबूबाई शेतात होती. अंगावरच्या लुगड्यानिशी एसटीत बसली. दिवस मावळताना दोघं वडनेरला पोचली, तेव्हा ओसरीवर बाया जमल्या होत्या.

अंबूबाईनं बहिणीचं गार पडलेलं डोकं मांडीवर घेतलं. रडून झाल्यावर म्हणाली, "भाऊजी, तिनं तं मले बरी हावो म्हून कळवलं होतं."

"ते म्याच तिले सांगतलं होतं," महादेवराव म्हणाले आणि दारातच खाली बसले.